अण्णा माझ्या चेहऱ्यात नेमकं कुठे बघतात?

निंबोणी (धागाकर्ती)

गेली सहा-सात वर्षं इथे रोमातच (नुसती वाचत) असते, लिहायची ही दुसरी वेळ. विभाग चुकला असेल तर धागा हलवा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वय ७९. चार वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं. ते एसटीत कंडक्टर होते, वाई डेपोला. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. बाजाराच्या दिवशी गाडीत माणसावर माणूस असायचं. दर थांब्याला चार उतरायची, नऊ चढायची. बोटांत नोटांच्या उभ्या घड्या अडकवून, पंच टकटक वाजवत अण्णा पुढून मागे जायचे आणि नुसती तोंडं बघत सांगायचे, "मावशी, तुमचं झालंय. पाव्हणं, तुमचं राहिलंय." लहानपणी मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून हे बघितलंय. एकदाही चुकलेले आठवत नाहीत. (चुकले असतील तरी मला कशाला सांगतील!)

आता मी चहा घेऊन समोर उभी राहते. ते बघतात. पण कुठे? आधी कपाळाकडे, मग भांगाकडे, कानातल्याकडे बराच वेळ, मग माझ्या खांद्यावरून पलीकडच्या कॅलेंडरकडे. डोळ्याला डोळा जवळजवळ नाहीच. मग म्हणतात, "बसा. कुणाकडे आलात?" आणि त्याच दिवशी मी स्वयंपाकघरातून "अण्णाऽ, पोळी वाढू का?" असं विचारलं की बाहेरून उत्तर येतं, "अर्धीच दे गं पमे."

दादा म्हणतो, अण्णा आपल्याला विसरले, तू मनाला लावून घेऊ नकोस. मला हे पटत नाही. विसरले असते तर आवाजावरून पमी कुठून आली? मग बिघडलंय काय? डोळे, चेहरा कळणं, की आठवण? डॉक्टरांना विचारलं तर "होतं असं" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आलासुद्धा.


सुपारीबाग

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारा. मेंदूतलं इतर कुणी सांगेल, मी आधी साध्या गोष्टी विचारतो. मोतीबिंदू बघितलाय का? चष्मा शेवटचा कधी तपासला, आणि आत्ता नाकावर आहे तो कुठला? माझ्याकडे येणारे कित्येक आजी-आजोबा वाचायचा चष्मा लावून दिवसभर घरात वावरत असतात. चार हातांवरचं माणूस धुरकट दिसतं आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला.

दुसरं, तुम्ही चहा घेऊन उभ्या राहता तेव्हा उजेड कुठून येतो?

तिसरं, अल्झायमर्समध्ये नंबर बरोबर असला तरी फिक्या छटांमधला फरक टिपणं बऱ्याचदा कमी होतं. चेहरा म्हणजे मुळात छटांचाच खेळ. नाकाची कड, डोळ्यांच्या खोबणी या काही काळ्या रेघेने आखलेल्या नसतात. त्यामानाने केसांची कड आणि चमकणारं कानातलं जास्त ठळक.


निंबोणी

सुपारीबाग, मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन्ही डोळ्यांचं २०१९ सालीच झालंय. चष्म्याचं सांगायला लाज वाटते. तुमचा प्रतिसाद वाचून बघितला तर तो शेजारच्या नानांचा निघाला. दोघं रोज ओट्यावर बसतात, अदलाबदल कधी झाली देव जाणे. नानांनाही पत्ता नाही!

आणि उजेड. मी परसदाराकडून येते, दार उघडं असतं. म्हणजे इतके दिवस अण्णांना एक काळी आकृती चहा देत होती.


खवचट_काका

लग्नकार्यात मला प्रत्येक चेहरा ओळखीचा वाटतो आणि नाव एकाचंही आठवत नाही. वय ६३. माझी गाडी कुठल्या फलाटावर लागलीय?


अनुस्वार

काका, तुमची गाडी अजून डेपोतच आहे. चेहरा ओळखीचा वाटणं, हे माणूस कोण ते कळणं आणि नाव ओठांवर येणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, अशी मांडणी ब्रूस आणि यंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली केली आणि ती अजून बऱ्यापैकी टिकून आहे. नाव ही सगळ्यात कच्ची पायरी. एक गंमत बघा. "हे गृहस्थ सोनार आहेत" असं सांगितलं तर लक्षात राहतं, "हे श्री. सोनार" असं सांगितलं तर राहत नाही. शब्द तोच. धंदा म्हटलं की दुकान, काटा, भट्टी असं काहीतरी चिकटतं, आडनावाला काहीच चिकटत नाही. इंग्रजी आडनावांवर हा प्रयोग १९८७ साली झालाय.

निंबोणी, मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात डोळ्यांच्या हालचालींवर काम करते, डॉक्टर नाही. तुमच्या प्रश्नावर जरा लांबण लावते.

आपल्याला वाटतं की समोरचं सगळं एकदम स्वच्छ दिसतं. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. बारीक तपशिलात दिसतं ते साधारण तेवढंच, बाकी सगळा अंदाज. म्हणून डोळे सेकंदाला तीनेक उड्या मारतात आणि प्रत्येक उडीनंतर पाव सेकंदभर टेकतात. बघणं होतं ते टेकल्यावर. मॉस्कोच्या आल्फ्रेड यार्बुस यांनी १९६० च्या आसपास हे टिपायला चिमुकला आरसा बसवलेली टोपी थेट डोळ्यावर चिकटवली होती. (त्या माणसांना माझा दंडवत.) चेहऱ्याच्या फोटोवर नजर कशी फिरली याच्या रेषा त्यांनी काढल्या. मूळ फोटो बाजूला ठेवला तरी त्या रेषांच्या जाळ्यात दोन डोळे आणि तोंड ओळखू येतं, इतकी नजर तिथेच घुटमळते. आता इन्फ्रारेड कॅमेरा लांबूनच हे काम करतो.

चेहरा ओळखायला नजरेचे फार टेके लागत नाहीत. २००८ च्या एका प्रयोगात दोन पुरले, आणि तेही नाकाच्या आसपास. नाकाने माणूस ओळखतो म्हणून नव्हे. तिथे टेकलं की अख्खा चेहरा एका घासात घेता येतो. चेहरा आपण सुटा सुटा वाचत नाही, म्हणूनच फोटो उलटा धरला की आपली ही हुशारी कोसळते. रॉबर्ट यिन यांनी १९६९ साली दाखवलं की उलटं केल्यावर घरं किंवा विमानं ओळखणंही अवघड जातं, पण चेहऱ्याचं फारच बिघडतं. माँट्रियलमध्ये २०१६ साली अल्झायमर्स असलेल्या लोकांची अशी चाचणी घेतली तर त्यांच्यात सुलट-उलट हा फरक कमी निघाला. कारण सुलटे चेहरेच त्यांना जड जात होते. म्हणजे सुलटा चेहराही ते तुकड्यातुकड्याने जोडत असावेत. कपाळ, भांग, कानातलं हे ऐकून मला तेच आठवलं.

पण हातचं राखून सांगते. या आजारात चेहऱ्यांवर नजर कशी फिरते याचे अभ्यास छोटे छोटे आहेत. काहींत डोळ्यांकडे बघणं कमी झालेलं दिसतं, काहींत नजर उगाच विखुरलेली. तुमच्या अण्णांचं निदान मी इथून करणार नाही.

आवाजाचं सोपं आहे. पमी मेंदूत आहेच. तिच्यापर्यंत जायला चेहऱ्याची वाट बुजली, आवाजाची उघडी आहे. दादांना एवढं सांगा.


निंबोणी

अनुस्वार, दादाला लिंक पाठवली. एकच सांगायचं राहिलं. कानातलं म्हणजे आईच्या कुड्या आहेत. ती गेल्यापासून मीच घालते.


अनुस्वार

मग माझा अर्धा प्रतिसाद खोडा! मी "तुकड्याने बघतात" म्हणत बसले आणि गृहस्थ बायकोच्या कुड्या बघत होते, असंही असू शकेल.


दोनकपचहा

आमच्या ह्यांना लुई बॉडी डिमेन्शिया आहे, हाही स्मृतिभ्रंशाचाच पण अल्झायमर्सहून वेगळा आजार. त्यात वेगळाच प्रकार. ह्यांना माझा चेहरा अगदी नीट दिसतो. नाक माझं, डोळे माझे, पातळसुद्धा माझंच. तरी मी मी नाही. कामवाल्या मावशींना हळूच सांगतात, "ही बाई स्वभावाने चांगली आहे, हिच्यासारखीच दिसते, पण ही ती नव्हे. तिला सांगा लवकर ये म्हणून." बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर हे ऐकायचं. पहिल्यांदा मी वाद घातला, लग्नाचा अल्बम काढून पुरावे दिले. ह्यांचं म्हणणं, "बघा, अल्बमसुद्धा मिळवलाय हिने."

मग मुलीने युक्ती काढली. मी जिन्यात जाऊन फोन करते. "अहो, मी आलेच पाच मिनिटांत, दूध घेऊन येतेय." एकदम खुलतात. पाच मिनिटांनी बोलत बोलतच आत यायचं, गप्प आत यायचं नाही. दहापैकी सहा-सात वेळा जमतं. उरलेल्या वेळी मी पाहुणी म्हणून चहा पिते.


अनुस्वार

दोनकपचहा, तुम्ही घरी जे शोधलंत ते छापील आहे. या भ्रमाला कॅपग्रास म्हणतात, जोसेफ कॅपग्रास या फ्रेंच डॉक्टरांनी १९२३ साली एका बाईंची अशी हकीकत लिहिली. तुमच्या ह्यांच्या आजारात हा भ्रम त्यातल्या त्यात जास्त आढळतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९७ साली एका तरुणाबद्दल लिहिलं. त्याला डिमेन्शिया नव्हता, डोक्याला मार लागला होता. आईवडील समोर आले की तोतये, फोनवर आले की खरे! त्यांचा अंदाज असा की चेहरा ओळखणारा भाग शाबूत आहे, पण त्या चेहऱ्याबरोबर आतून जी ऊब यायला हवी तिची तार तुटली. मग मेंदू हिशेब जुळवतो: दिसतं तर तीच, वाटत काही नाही, म्हणजे ही कुणी दुसरी.

याच्या बरोबर उलटही असतं. चेहरा ओळखण्याची शक्ती मेंदूला झालेल्या इजेने गेलेले काही लोक "ही कोण, माहीत नाही" म्हणतात, आणि त्याच वेळी ओळखीच्या चेहऱ्याला त्यांच्या तळहाताचा घाम बदलतो. ट्रॅनेल आणि दमासिओ यांनी १९८५ साली हे मोजून दाखवलं. जीभ नाही म्हणते, कातडी हो म्हणते.

डोळेही असे चुगली करतात. आपण ओळखीचा चेहरा बघतो तेव्हा नजर कमी टेके घेते, अनोळखी असेल तर जास्त धुंडाळते. १९९९ साली ऑल्थॉफ आणि कोहेन यांनी हे प्रसिद्ध लोकांच्या फोटोंवर दाखवलं. "ओळखता का?" असं न विचारता नुसती नजर टिपायची. अमेरिकेत एमोरी विद्यापीठातल्या मंडळींनी २००९ साली याच जातीची एक साधी चाचणी वापरली. आधी एक चित्र दाखवायचं, थोड्या वेळाने तेच चित्र आणि शेजारी एक नवं. धडधाकट माणूस नव्याकडे जास्त बघतो, कारण जुनं बघून झालंय. स्मृतीची किरकोळ तक्रार असलेल्यांची नजर, मधे दोन मिनिटं गेली की, दोन्हींकडे जवळपास सारखीच वाटली जाते.


योगसाधक_

या सगळ्यावर आपल्याकडे त्राटक आहे. रोज दहा मिनिटं ज्योतीकडे एकटक बघितल्यास नजर स्थिर होते. आजोबांना सुरू करा, महिन्यात फरक पडेल.


सुपारीबाग

योगसाधक_, स्वतःसाठी जरूर करा. ७९ वर्षांच्या, डिमेन्शिया असलेल्या माणसासमोर पेटती ज्योत ठेवू नका, इतकीच हात जोडून विनंती. बिघाड डोळ्याच्या स्नायूंत नाही, नजर स्थिर करून चेहरा परत मिळणार नाही. "डोळ्यांचे व्यायाम" विकणाऱ्या अ‍ॅपांनाही हेच लागू. आणि मोबाइलवर डोळे तपासून घरबसल्या अल्झायमर्स सांगतो म्हणणारं काही दिसलं तर पैसे देऊ नका.


योगसाधक_

ज्योतीचा मुद्दा मान्य. बाकी आपापली श्रद्धा.


पिवळाडबा

थोडं अवांतर, पण डोळ्यांचंच आहे. आमच्या मेहुण्यांना चेहरे सगळे ओळखू यायचे, पण ते डोळे वटारून समोर एकटक बघत राहायचे. लोक म्हणायचे शिष्ट झालाय. जिन्यावरून दोनदा पडले, तेही मागच्या मागे. ताटातलं शर्टावर सांडायचं. दोन वर्षं मानेचे पट्टे आणि चक्कर यावरच उपचार झाले. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने फक्त एवढं केलं: "डोकं हलवू नका, डोळ्यांनी माझं बोट बघा," आणि बोट खाली नेलं. डोळे खाली गेलेच नाहीत. मग डॉक्टरांनी त्यांची मान धरून वर केली, नजर समोरच ठेवायला सांगून, तर डोळे व्यवस्थित खाली वळले. म्हणजे स्नायू ठीक, हुकूम पोचत नव्हता. या आजाराला पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) म्हणतात. १९६४ साली टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी या आजाराचं नीट वर्णन केलं, म्हणून त्या तिघांच्या आडनावांनीही ओळखला जातो. हे अल्झायमर्सपेक्षा वेगळं आहे, पण घरातलं माणूस खाली बघायचं टाळत असेल तर ही तपासणी मागून घ्या. आम्ही ताट उंच पाटावर ठेवायला लागलो, सांडणं निम्म्याने कमी झालं.


वरणभात

ताटाचा विषय निघाला म्हणून. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली वाढलेला अल्झायमर्स असलेल्या नऊ जणांना पांढऱ्याऐवजी भडक लाल ताटल्या आणि पेले दिले. खाणं २५ टक्के वाढलं, पिणं ८४ टक्के. नऊच माणसं, हे ध्यानात ठेवा. पुढे भडक निळ्यानेही जमलं, फिक्या रंगांनी नाही.

आपल्याकडे स्टीलच्या ताटात पांढरा भात, वर फिकं वरण, शेजारी दही, आणि वरून ट्यूबलाइटची चमक. माझी आई त्यात चमचा फिरवत बसायची. गडद निळी मेलामाइनची ताटली आणली आणि भात दिसला. बुडाला नक्षी नको, आई फुलं उचलायला जाते.


जास्वंद

आजीसाठी आरसे झाकलेत. तिला आरशातली म्हातारी कोण ते कळेना. सुरुवातीला छान चाललं होतं, तिला हळदीकुंकवाला बोलवायची, बशीत चहा ओतून पुढे करायची. मग एके दिवशी "ही माझं पातळ नेसून आलीय" म्हणून भडकली. आता कपाटाच्या आरशावर जुनं लुगडं टाकलंय. रात्री खिडकीच्या काचेत आणि बंद टीव्हीतही ती बाई येते, पडदे लवकर ओढा.

आजीला तिचा तिशीतला फोटो दाखवला की लगेच "ही मी, गणपतीपुळ्याला." तिच्या डोक्यात ती अजून तीच आहे. मग आरशातली कोण?


खवचट_काका

जास्वंद, मलाही रोज सकाळी हाच प्रश्न पडतो.


निंबोणी

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

चष्मा बदलला. खुर्ची फिरवली, आता मी येते त्या बाजूला खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडतो. परसातून बोलतच आत येते, "अण्णा, पमी येतेय, चहा आणतेय," आणि उभी न राहता समोर स्टुलावर बसते. "मी कोण, सांगा बरं" हा दादाचा आवडता प्रश्न बंद केला. तो दर शनिवारी यायचा आणि तोंडी परीक्षा घ्यायचा. अण्णा घामाघूम व्हायचे.

मधेच एक विनोद झाला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला फोनवर काढला, चेहरा दाखवून होतो तो. अ‍ॅप म्हणतं डोळे मिचकवा. अण्णांना ते काही कळेना, ते फोनलाच विचारायला लागले, "कुठे उतरणार?" पाचव्या प्रयत्नात आपोआप मिचकले आणि फोनने त्यांना ओळखलं. दादा म्हणाला, फोनला जमलं.

ओळखतात का? रोज नाही. नजर आता कपाळावरून खाली येते कधीकधी. कुड्यांवर थांबतेच. पमी म्हणून हाक चेहरा बघून आलेली नाही अजून, आवाजावरच येते.

पण परवा झालं ते लिहायलाच हवं. संध्याकाळी शेजारपाजारचे पाच-सहाजण ओट्यावर होते, नाना, त्यांची सून, तिची मुलं. अण्णा उठले आणि एकेकासमोर जाऊन उभे राहायला लागले. नानांना म्हणाले, "पाव्हणं, तुमचं राहिलंय." सुनेला म्हणाले, "तुमचं राहिलंय." मुलांना, "हाफ तिकीट." मी शेवटी, दाराशी, गप्प बसले होते. एक शब्द बोलले नव्हते. माझ्यासमोर आले, बघितलं, फार वेळ नाही, आणि म्हणाले, "तुमचं झालंय."

आणि पुढे गेले.


दोनकपचहा

कुठून कुठपर्यंतचं, विचारलंत का?


निंबोणी

विचारलं. वाई ते पाचवड म्हणाले. आईचं माहेर पाचवडचं.